यंदा दोनच
वर्नाने गॅरेजच्या भिंतीवरून दोन खुर्च्या उतरवल्या आणि तिसरीला हात घातला. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या घडीच्या खुर्च्या. तिन्ही एकाच दिवशी घेतलेल्या, पण तिसरीच्या पट्ट्या अजून ताठ होत्या. वर्नाने ती अर्धी उचलली, जरा वेळ तशीच धरली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली.

"राहा तिथेच," ती खुर्चीला म्हणाली. "बापाच्या मातीला आला नाही, तो परेडला कुठला येतोय!"

दोन खुर्च्या काखेत मारून ती मेन स्ट्रीटकडे निघाली. एल्डन काही मोठं शहर नव्हे आणि लहानही नव्हे. पाण्याची उंच टाकी, दोन हायस्कुलं, अर्धा ओस पडलेला मॉल, आणि गवत कापायच्या यंत्रांच्या जुन्या कारखान्यात आता लोकांचं अडगळीचं सामान ठेवायची भाड्याची गोदामं. नोकरीला सगळे चाळीस मिनिटांवरच्या मोठ्या शहरात जात आणि झोपायला इकडे येत. वर्षातून एकदा मात्र, चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या परेडला, सगळं गाव मेन स्ट्रीटच्या कडेला बसलेलं असे. आदल्या संध्याकाळी खुर्ची मांडली की जागा तुमची. रात्रभर खुर्च्या उघड्यावर असत आणि कोणी हात लावत नसे.

वर्नाच्या घरची, केस्लरांची, जागा ठरलेली, पूर्वीच्या बुटांच्या दुकानासमोर, मेपलच्या झाडाच्या सावलीत. इथेच चौदा वर्षांपूर्वी वर्नाच्या नवऱ्याने, हार्लनने, पोराला, क्रेगला, चारचौघांत उठवलं होतं. शब्द टाकून मिळवून दिलेली कारखान्यातली नोकरी क्रेगने न विचारता सोडली, आणि सांगितलं ते नेमकं परेडच्या गडबडीत. हार्लन तापट माणूस. "मग ऊठ त्या खुर्चीवरून," तो ओरडला. क्रेग उठला, बँडच्या मागून चालत गेला, तो गेलाच. दोन वर्षांत कारखानाही बंद पडला.

हार्लनने कधी माफी मागितली नाही. त्या घरात तसलं कोणाला जमतच नसे. पण दर वर्षी तो तिसरी खुर्ची मांडायचा, पुसून, नीट रस्त्याकडे तोंड करून. परेड संपली की वर्ना ती रिकामीच घरी आणायची आणि वाटेत भेटणाऱ्याची नजर चुकवायची. फेब्रुवारीत हार्लन गेला. क्रेगच्या जुन्या मित्राकरवी निरोप धाडला होता. तो पोचला की नाही, देव जाणे. दफनाला क्रेग आला नाही, आणि त्या दिवशी वर्नाच्या मनात काहीतरी मिटलं.

तिने एक खुर्ची स्वतःची मांडली, एक हार्लनची. हार्लनची मांडू नये, असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

शेजारी ड्वेन प्रुइट आपल्या भल्यामोठ्या कुटुंबाच्या खुर्च्या दोरीने एकमेकींना बांधत होता. तो या गावात आला त्याला सहा-सात वर्षंच झालेली. गडी बोलघेवडा, मनाने निर्मळ.

"काय वर्नाबाई, यंदा दोनच?"

"दोनच. रिकामी खुर्ची वाहून वाहून कंबर गेली माझी," वर्ना म्हणाली. "आता नाही वाहायची."

हे बोलून तिला बरं वाटलं. घरी जाऊन ती शांत झोपली.

सकाळी ती आली तेव्हा रस्ता फुलला होता. अग्निशमन दलाच्या गाडीवरून लिमलेटच्या गोळ्या उधळल्या जात होत्या, पोरं त्यांवर तुटून पडत होती. ड्वेनने थर्मासमधली कॉफी तिच्या हातात दिली.

"बरं का, काल तुम्ही गेल्यावर एक जण आला होता," तो म्हणाला. "गाडी बाहेरच्या राज्यातली. इथे उभा राहून तुमच्या खुर्च्यांकडे बघत होता. मला वाटलं, पळवतो की काय."

"कोण होता?"

"नाव नाही सांगितलं. उंचापुरा, कानाची पाळी चोळत बोलणारा. विचारलं, केस्लरांच्या ना या? म्हटलं, हो. तर म्हणतो, दोनच?"

वर्नाने कॉफी खाली ठेवली. बोलताना कानाची पाळी चोळायची सवय हार्लनची. पोराने ती पाळण्यातच उचलली होती.

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात तेच," ड्वेन हसत म्हणाला. "म्हटलं, यंदा दोनच. बाई म्हणतात, रिकामी खुर्ची वाहून कंबर गेली, आता नाही वाहायची. तोही हसला जरा. म्हटलं, बस ना घटकाभर, ही आमच्या हार्लनची, तो गेला बिचारा. तर म्हणाला, नको, यातली माझी नाही. आणि गेला."

समोरून हायस्कूलचा बँड वाजत येत होता. सगळी माणसं उठून उभी राहिली. वर्ना उभी राहिली नाही. ड्वेनचा काही दोष नव्हता. त्याने तिचेच शब्द जसेच्या तसे पोचवले होते. शेजारची खुर्ची तिला दिसत होती. मेलेल्या माणसाची जागा तिने आठवणीने राखली होती आणि जिवंत पोराची खिळ्याला टांगून आली होती.

"बरं वाटत नाहीये का?" ड्वेनने वाकून विचारलं.

"माझी जागा बघा जरा," ती म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत घराकडे निघाली. धावता येत नव्हतं, तरी ती धावली.

तिसरी खुर्ची घेऊन ती परतली तेव्हा परेडचं शेपूट, घोडे आणि त्यांच्यामागचा झाडूवाला, पुढे सरकलं होतं. लोक खुर्च्या मिटत होते. ड्वेनने तिच्या हातातली खुर्ची पाहिली, तिचा चेहरा पाहिला. तो पोरांना हाका मारत निघून गेला.

वर्नाने हार्लनची खुर्ची मिटून मेपलला टेकवली. त्या जागी तिसरी उघडली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवली. मग शेजारी बसली.

दुपार कलली. नगरपालिकेची गाडी मागे राहिलेलं सामान उचलत आली. चालक ओळखीचा नव्हता.

"बाई, परेड कधीच संपली. खुर्च्या उचलता ना?"

"ती झाडाजवळची न्या हवी तर," वर्ना म्हणाली. "तिच्यावर आता कोणी बसायचं नाही."

"आणि ही?"

वर्नाने शेजारच्या ताठ पट्ट्यांवर हात ठेवला.

"हिच्यावर माणूस बसायचाय अजून," ती म्हणाली.