वाहक

धनसिंगला वाचता येत नव्हतं असं नाही. येत होतं, आणि तेच नडलं. अंगठाबहाद्दर असता तर कार्ड घेऊन कुणाकडे तरी गेला असता, 'भाऊ, यात काय लिहिलंय' म्हणून विचारलं असतं, आणि त्या भाऊने दोन शिव्या हासडून का होईना, अर्थ सांगितला असता. अर्धवट शहाण्याला कोण सांगणार?

सोळा-सतरा वर्षं झाली त्या गोष्टीला. धनसिंग तेव्हा एसटीत नुकताच लागला होता. खाकी कपडे, खांद्याला चामडी पिशवी, नेमणुकीच्या कागदावर हुद्दा 'वाहक'. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची कुंदा त्याला ठरली होती आणि चर्चमध्ये लग्नाच्या घोषणाही वाचून झाल्या होत्या. त्याच सुमारास कुठल्याशा संस्थेने चर्चच्या आवारात सगळ्या भिल्ल-पावरांचं रक्त तपासलं. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आपल्या लोकांत फार, तो शोधायचा होता. पंधरा दिवसांनी कार्डं आली. समजावून सांगायला आलेली बाई शेवटची गाडी चुकेल म्हणून गठ्ठा बाकावर ठेवून पळाली. धनसिंगच्या कार्डावर नाव, वय, आणि खाली 'वाहक'. त्याला वाटलं, नोकरी लिहिली. मग कुंदाचं कार्ड पाहिलं, तर तिच्याही नावाखाली 'वाहक'.

"देख वं," तो म्हणाला, "सरकारले बी कयनं, तू कंडक्टरनी बायको व्हनार शेस!"

दोघं पोट धरून हसले. कार्डं पेटीच्या तळाशी गेली आणि लग्न थाटात झालं.

डॉक्टरांच्या भाषेत वाहक म्हणजे ज्याच्या रक्तात अर्धा दोष असतो तो. त्याला स्वतःला काही होत नाही. पण दोन वाहक नवरा-बायको झाले, की होणाऱ्या प्रत्येक पोराला पुरा दोष मिळायची भीती असते, चारात एक. धनसिंग-कुंदाबाईला एकच पोर झाली, नूतन, आणि ती पुरा दोष घेऊनच आली. दोन वर्षांची असताना तिचे हातपाय सुजले, ती रात्रंदिवस किंचाळू लागली, तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "लग्नाआधी कार्डं नव्हती मिळाली?" त्या दिवशी धनसिंगला त्या शब्दाचा दुसरा अर्थ कळला.

त्यानंतर नवरा-बायकोने कार्डांचं नाव काढलं नाही. पोर मोठी झाली, विचारू लागली, 'मलाच का?' तर दोघांचं एकच ठरलेलं उत्तर, "देवनी मरजी, बेटा." देव बिचारा तोंड उघडून नाही म्हणत नाही, त्यामुळे सोयीचा.

शिवाय या घरावर देवाचे उपकार जुने होते. धनसिंग पाच वर्षांचा असताना पाड्यावर मलेरियाची साथ आली आणि एका महिन्यात त्याचे दोन भाऊ गेले. तोही त्याच झोपडीत, त्याच डासांत झोपलेला, पण वाचला. त्याची आई म्हणाली, मिशनच्या फादरच्या देवाने हा एक राखला, आणि घरादारासकट तिने बाप्तिस्मा घेतला. नूतनला ही गोष्ट पाठ होती.

पोर हुशार होती. महिन्यातले आठ दिवस दवाखान्यात आणि तरी वर्गात पहिली. दहावीत उत्क्रांतीचा धडा आला, तेव्हा धर्मशिक्षणाच्या बाईंनी बजावलं, "माकडाचं पाठ करा, मार्क मिळवा, पण खरं मानू नका. देवाने माणूस मातीतून घडवला." नूतनला असं दोन्ही डगरींवर हात ठेवणं जमेना. ती सरळ फादर किरणकडे गेली. हे नगरकडचे, शिकलेले, गोड बोलणारे.

"अगं, भांडण कुठाय?" फादर म्हणाले. "शरीर हळूहळू बदलत आलं असेल, लाखो वर्षं लागली असतील. आपल्या चर्चला त्याची अडचण नाही, रोमच्या पोपनी हे कधीच सांगून टाकलंय. आत्मा मात्र देव प्रत्येकाला स्वतः देतो. उत्क्रांती ही देवाचीच काम करायची रीत समज."

पोर हरखली. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत सुटली. धनसिंगलाही बरं वाटलं. आपल्याला काही समजत नाही, पण पोरीला देव आणि पुस्तक दोन्ही सांभाळता आले, असं तो ड्रायव्हरला कौतुकाने सांगायचा.

जानेवारीत तिच्या छातीत दुखणं उतरलं. धुळ्याच्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या चढल्या, नाकाला ऑक्सिजन लागला, आणि चौथ्या दिवशी डॉक्टर धनसिंगला बाजूला घेऊन म्हणाले, "कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा." त्याने फादरना बोलावलं. आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल घेऊन ते दुपारी आले. नूतनने तोंड फिरवलं.

"आधी एक सांगा," ती म्हणाली. एकेका शब्दाला दम लागत होता. "बाजूच्या खाटेवरची ताई नर्सिंगला आहे. तिच्या पुस्तकात वाचलं. हा दोष अर्धा असला, तर माणूस मलेरियाने सहसा मरत नाही. म्हणून तो आपल्या लोकांत टिकला. पप्पा त्यानेच वाचले असतील."

"असेल," फादर म्हणाले. "देवाने त्या मार्गाने वाचवलं."

"आणि पुरा असला तर माणूस मरतो. तीही देवाचीच रीत ना? एक वाचवायचा, त्याच्या पोटचं एक मारायचं. तुम्हीच म्हणालात, भांडण नाही. मग माझं भांडण आहे. मला त्याचं तेल नको."

फादर खाली बसले. "बाळा, दुःखाचं कोडं मोठं आहे," असं काहीसं ते पुटपुटले. पोरीने डोळे मिटून घेतले. कुंदाबाई पदर तोंडात कोंबून रडत होती. आपली पोर अशी देवावर रुसून, एकटी, कडू तोंडाने जाणार, हे धनसिंगला समोर दिसत होतं. तेरा वर्षं देवाच्या खांद्यावर ठेवलेलं ओझं त्याला आता बघवेना.

"देवले काय विचारस?" तो एकदम म्हणाला. "माले विचार. त्यानी सांगाडेल व्हतं. लगीनना आगोदर कारड दिधं व्हतं मना हातमा."

आणि त्याने सगळं सांगितलं. बाक, गठ्ठा, दोन कार्डं, एक शब्द. काही लपवलं नाही, हसल्याचंसुद्धा.

नूतनने आईकडे पाहिलं. "तुझ्या कार्डावर पण तेच होतं?"

कुंदाबाईने मान हलवली. "हसनूत वं आम्ही," ती म्हणाली.

मग पोर फादरना म्हणाली, "म्हणजे त्याने सांगितलं होतं. यांनी वाचलं नाही." आणि कपाळ पुढे केलं. "लावा."

फादरचा हात थांबला. त्यांना हिशोब कळत होता. कार्ड वाचलं असतं तर नूतन जन्मली नसती इतकंच, पण रक्तातला दोष कार्डाने आणला नव्हता, आणि पाड्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी तो जन्मलाच असता. पोरीचा प्रश्न होता तिथेच होता. त्यांनी धनसिंगकडे पाहिलं. धनसिंगने हात जोडले. फादरनी तेल लावलं.

नूतन त्यानंतर दोन दिवस होती. प्रार्थना म्हणायची, आईचा हात धरायची. धनसिंग जवळ आला की डोळे मिटायची. त्याने एकदा तिच्या पायावर हात ठेवला, तर तिने पाय ओढून घेतला, तेवढी ताकद नसतानाही. शेवटच्या सकाळी तो खाटेपाशीच उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मूठमाती झाली. माणसं पांगली. दफनभूमीच्या फाटकाशी फादर किरणनी त्याला गाठलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"धनसिंगभाऊ, मी तेव्हा बोलायला हवं होतं. ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सगळा दोष तुमच्यावर घेऊन..."

"माले बी माहीत शे," धनसिंग म्हणाला. "पन कोनावर तरी राग ठेवीसनच ती जानार व्हती. तिले देवकडे जावानं व्हतं, फादर. मनाकडे नही."