रंगावर जाऊ नये

"मी काय पॅनकेक आहे, सारखं उलटायला?" डॅडी म्हणाले आणि गादीची कड मुठीत घट्ट धरून उजव्या कुशीवरच पडून राहिले.

डेल्फीनने हातातली उशी खाली ठेवली. डाव्या कुशीवर वळलं की समोर पलंगाची आईची बाजू येई. वसंतात आई, त्यांची इअर्लीन, गेली, तेव्हापासून डॅडींनी तिकडे पाहिलं नव्हतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून आपलं आपण वळणं त्यांना जमत नसे. पण न वळण्याइतका जोर त्या मुठीत अजून होता.

मोडलेला पाय सांधेपर्यंत म्हणून आईला शुश्रूषागृहात ठेवलं होतं. पाय सांधला. आई गेली ती पाठीच्या खाली, माकडहाडावर, सतत पडून राहिल्याने झालेल्या जखमेने. "वरून काहीच दिसत नव्हतं हो," तिथले लोक म्हणाले होते. ते वाक्य डेल्फीनच्या मनातून जात नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ती टॉर्च घेऊन डॅडींच्या अंगावरची लाली शोधत असे. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी बजावलं होतं, कातडी लाल दिसली आणि दाबूनही लाली गेली नाही, तर लगेच कळवायचं.

लाल काही दिसत नव्हतं. तरी ती पुन्हा टॉर्च लावून बघे.

दुपारी शेजारच्यांनी पीचची टोपली आणून दिली. डॅडींचा जन्म फोर्ट व्हॅली गावातल्या फळांच्या शेडमध्ये पीच निवडण्यात गेलेला. टोपली पलंगावर ठेवताच त्यांचा चांगला हात आपोआप तिच्यात गेला.

"हा काढ बाजूला. आतून गेलाय."

"डॅडी, किती सुंदर दिसतोय!"

"रंगावर काय जातेस, पोरी? रंग गिऱ्हाइकासाठी असतो. मार आत लागतो, वर यायला दोन दिवस घेतो. बोटांनी बघावं."

डेल्फीनने पीच हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. डॅडींचा हात टोपलीत होता, पीचच्या पिवळ्या-तांबड्या ढिगात काळाभोर. त्या कातडीवर ती कुठली लाली शोधत होती? आईच्या तशाच काळ्या कातडीवर शुश्रूषागृहातले लोक तरी काय बघत होते?

नळाखाली हात गार करून ती आली. डॅडींना उताणं करून तिने बोटांची मागची बाजू आधी डाव्या खुब्यावर टेकवली. गार. मग उजव्या खुब्यावर.

ऊब लागली. हाडाच्या टोकावर नाण्याएवढी जागा तर बोटाखाली दबत होती, बाजूला काढलेल्या त्या पीचसारखी.

"काय गं, मलाही पेटीत भरतेस की काय?"

तिने बोट तिथेच ठेवलं. डॅडींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू ओसरलं.

"मऊ लागलं?"

"हो."

"इअर्लीन म्हणत होती, दुखतंय, दुखतंय. कुणी हात लावून नाही बघितलं?"

"डोळ्यांनी बघितलं, डॅडी."

तिने नर्सबाईंना फोन लावला. उद्या सकाळी येते, त्या म्हणाल्या; तोवर त्या बाजूवर जराही भार नको. कातडी फाटली किंवा ताप आला, तर थांबायचं नाही, लगेच इस्पितळ.

"चोळ जरा," डॅडी म्हणाले. "बरं वाटेल."

"मार लागलेला पीच चोळतात का?"

डॅडींनी डोळे मिटले. मग पुन्हा धरलेली गादीची कड सोडली. "वळव."

अंगाखालची चादर धरून तिने त्यांना न घासता उचललं, डाव्या कुशीवर जरासं कलतं केलं. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. डॅडींच्या समोर आता आईची उशी होती, जशीच्या तशी. पण त्यांनी मान फिरवली नाही.

ऊन खिडकीतून सरकलं. डेल्फीनने पुन्हा हात लावला. ऊब होती. पण ती डॅडींची की तिच्याच तापलेल्या हाताची, हे तिला सांगता येईना. ती नळाशी गेली, हात गार केला, परत आली. पुन्हा टेकवला.

"काय म्हणतोय पीच?" डॅडींनी तिकडेच बघत विचारलं.

"अजून गरमच लागतोय, डॅडी."

"बरं." त्यांनी हात पुढे केला आणि आईच्या उशीवर ठेवला. "मग मी आहे इकडेच."