एकाच दिशेचं कबूतर

तोफ उडाली तसे लँबेर देसारने आकडे मोजायला सुरुवात केली. साठाव्या आकड्याला पश्चिमेच्या टेकडीमागून धुळीचा खांब वर चढला. आवाज यायला आणखी सव्वीस आकडे लागले. म्हणजे नऊ किलोमीटर. मोजायची गरज नव्हती खरे तर. तिथे किल्ला होता, आणि किल्ल्याच्या तोफखान्यात त्याचा मुलगा रेमाक्ल होता.

"गोळा कुठे पडला?" स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, फिलोमेनने, विचारले.

"अलीकडे. बिटाच्या शेतात."

"हा पण?"

"हा पण."

जर्मन येऊन आज नऊ दिवस झाले होते. पाच राजांनी सह्या केलेला करार आहे, बेल्जियमला हात लावायची कुणाची छाती नाही, असे शेजारचा ग्रेग्वार ऑगस्टच्या तीन तारखेपर्यंत छातीठोकपणे सांगत होता. चार तारखेला घोडेस्वार त्याच्याच विहिरीवर पाणी प्यायले. मग तो म्हणू लागला, फ्रेंच रविवारी येतात. रविवार उलटला. आता इंग्रजांची पाळी होती.

काल संध्याकाळी ग्रेग्वारच्या सफरचंदाच्या बागेत जर्मनांची ही तोफ उभी राहिली. लँबेरने तीस वर्षं घरच्या लेथवर बंदुकीच्या नळ्या कोरल्या होत्या. कुठलीही नळी बघितली की तिचा व्यास तो डोळ्यांनीच मापायचा. हिच्या तोंडात माणूस खांद्यापर्यंत गेला असता. किल्ल्याची भिंत बांधणाऱ्यांनी अशा तोफेचा हिशेबच धरला नव्हता, हे त्याला तेव्हाच कळले.

आणि आज सकाळी कबुतराची निळी मादी किल्ल्यातून परत आली.

तीन तारखेला रेमाक्ल सायकल दामटत घरी आला होता. "पापा, टेलिफोनचा भरवसा नाही. लष्कराची पाखरं सगळी शहराकडची आहेत, तिकडेच उडतात. आपल्या बाजूचं एक तरी हवं." लँबेरने आपली सगळ्यात चांगली मादी काढून दिली, अंड्यांवर बसलेली. घरट्यावरून उचललेलं पाखरू वाटेत कुठे टेकत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"आणि आमच्याकडची चार पिल्लं आहेत, किल्ल्यातच जन्मलेली," रेमाक्ल म्हणाला होता. "ती तुमच्याकडे ठेवून घेता का?"

लँबेर हसला होता. "दारूच्या धुरात वाढलेली? ती कुठली शर्यत जिंकणार!"

ती पिल्लं इथून सोडली तर किल्ल्याकडेच उडतील, हा विचार गावातल्या बावीस खुराडीवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आला नसता. त्यांचा सगळा खेळच असा. पाखरं टोपलीत घालून आगगाडीने फ्रान्सला पाठवायची, आणि रविवारी अंगणात उभं राहून आभाळाकडे बघायचं. पाखरू परत येतं. ते जातं कुठे, याच्याशी कुणाला काय करायचं होतं?

चर्चच्या दारावर जर्मनांचा हुकूम लागल्यावर त्याने चौदा पाखरं शाळेत नेऊन दिली होती. ज्याच्या घरी कबूतर सापडेल त्याला गोळी. एक नर मात्र त्याने अंड्यांसकट माळ्यावर लपवला. घरटं मोडलं असतं तर मादी थांबली नसती.

तिच्या पायातल्या नळीत पातळ कागद होता. वरचं अक्षर कुणा अधिकाऱ्याचं: 'आमच्यावर मारा करणारी तोफ कुठे आहे? दिशा, अंतर. याच पक्ष्याबरोबर तातडीने उत्तर पाठवा.' खाली पेन्सिलीने, घाईत: 'पापा, मी साहेबांना सांगितलं, घरी गेलेलं पाखरू इथे परत येत नसतं म्हणून. ते ऐकत नाहीत. आत हवा फार वाईट आहे. आईला सांगू नका.'

आईने ते त्याच्या खांद्यावरून आधीच वाचले होते.

लँबेर कागद मोज्यात खुपसून ग्रेग्वारकडे गेला.

"कुणीतरी चालत जायला हवं."

"नऊ किलोमीटर," ग्रेग्वार म्हणाला. "तीन चौक्या. आणि तुझा तो गुडघा. लेका, तू तर रविवारी चर्चमध्ये मिसालाही शेवटी पोचतोस."

"तुझा पोरगा असता तर?"

ग्रेग्वारने पाईप उकरला. "माझा असता तर मी आत्ता तुझ्या दारात असतो, आणि तू मला हेच सांगितलं असतंस."

तरीही लँबेर दुधाची बरणी घेऊन निघाला. पहिल्याच चौकीवर एका तरण्या शिपायाने त्याला अडवले, झाकण काढून बघितले, आणि हाताने परत फिरायची खूण केली. लँबेर हलला नाही. मग त्या पोराने त्याच्या हातातली बरणी घेतली आणि लंगड्या म्हाताऱ्याला जड होईल म्हणून ती स्वतः उचलून घराकडच्या वळणापर्यंत आणून दिली. शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

तो घरी पोचला तेव्हा फिलोमेन परसात उभी होती. मादी तिच्या हातात होती. पायातल्या नळीत नवा कागद.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "ग्रेग्वारची बाग, चर्चच्या मनोऱ्याच्या डावीकडे, नऊ किलोमीटर. बरोबर ना?"

"बरोबर आहे."

"मग सोड."

"फिलोमेन, तिचं घर इथे आहे."

"मला कबुतरं शिकवतोस? सव्वीस वर्षं त्यांची घाण मी काढलीय. सोड म्हणते ना."

बागेत कुणीतरी आरोळी ठोकली. तोफ उडायच्या आधी सगळे शिपाई तोंड उघडं टाकून, कान दाबून जमिनीवर पालथे पडतात, हे लँबेरने सकाळीच टिपून ठेवले होते. तेवढे दोन-तीन क्षण वर कुणी बघत नाही. त्याने मादीला दोन्ही हातांत धरले. तिचं काळीज बोटाखाली इतकं भरभर चाललं होतं की मोजता येईना.

तोफ उडाली. त्याने तिला वर फेकले.

ती छपरावर गेली, नाशपातीच्या झाडावर गेली. पश्चिमेकडे वळली. लँबेर आकडे विसरला. क्षणभर, जन्मभराची सगळी माहिती बाजूला सारून, त्याला वाटले की जाते आहे. मग तिने डावा पंख कलता केला, एक मोठा गोल घेतला, आणि माळ्याच्या झरोक्याशी उतरून आत शिरली. आतून नराचं घुमणं ऐकू आलं.

टेकडीमागे धूर उठला. या वेळी तो धुळीसारखा पिवळा नव्हता. काळा होता, आणि वर जाऊन फुगत राहिला.

"कुठे पडला?" फिलोमेनने विचारले. ती त्याच दिशेला बघत होती.

"बिटाच्या शेतात," लँबेर म्हणाला.

तिने मान हलवली. मग ती शिडीवर चढली, झरोक्यातून हात घालून मादी घरट्यावरून काढली, आणि खाली येऊन त्याच्या ओंजळीत ठेवली.

"पुन्हा टाक," ती म्हणाली.