सव्वा वाटीचे ग्राम

आईला नोकरी हवी होती आणि ती शिऱ्यावर अडली होती. पंच्याण्णव साल. इंदूरजवळच्या आमच्या शहरात, फ्रीगंज बाजारात, नव्या कुकर कंपनीचं शोरूम उघडणार होतं. गिऱ्हाइकांसमोर रांधून दाखवायला एक बाई हवी होती. त्यासाठी रांधायची स्पर्धा ठेवली होती; जी पहिली, तिला जागा. वीस वर्षं घरात फुकट रांधलेली माझी आई, अहल्या, त्या बातमीनंतर दोन दिवस नीट जेवली नाही.

भानगड एकच. फॉर्मवर सगळं ग्राममध्ये लिहायचं. तेवढ्याच वजनाची पुडकी कंपनी देणार आणि ती पूर्ण संपवायची.

आमच्याकडे शिरा सत्यनारायणाच्या मापाने होतो: सव्वा वाटी रवा, सव्वा साखर, सव्वा तूप, दूध दुप्पट. मी बी.एस्सी. फर्स्ट इयर. वाटीभर पाणी कॉलेजच्या लॅबमध्ये तोललं, एकशे साठ ग्राम भरलं. म्हणजे सव्वा वाटीचे दोनशे. सगळंच सव्वा, तर सगळंच दोनशे; दूध तेवढं चारशे. फॉर्म भरला. विज्ञान जिंकलं.

स्पर्धेत रांधायला अर्धा तास होता. आईने रव्याचं पुडकं उघडलं, आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“अनय, हा कोणाचा रवा?”

“आपलाच. दोनशे ग्राम.”

“एवढ्या रव्याला एवढंच दूध? शिरा नाही, वीट होईल.”

“आई, फॉर्मवर तसंच आहे.”

“फॉर्म कोण खाणार आहे रे, गधड्या?”

शेजारच्या टेबलावर सुलूकाकूंच्या उपम्याची फोडणी तडतडत होती. वीस मिनिटं उरली. आईने पिशवीतून देवघरातली वाटी काढली. तिचा माझ्यावर विश्वास होता, पण वाटी घरी ठेवून येण्याइतका नाही. तिने रवा, साखर, तूप सव्वा-सव्वा वाटी मोजून घेतलं, रवा कढईत टाकला आणि पुडक्यांची तोंडं दुमडली.

इंदूरहून आलेले कंपनीचे टायवाले साहेब लगेच हजर. “बहनजी, पैकेट पूरा डालना है। नहीं तो नाम काटना पड़ेगा।”

त्यांनी पेनचं टोपण काढलं. आईचं उलथनं थांबलं नाही.

“रवा सही है, साहब। फार्म गलत है। लड़के ने पानी तौलकर भर दिया।”

“पानी?”

“बी.एस्सी. में है।”

हॉल हसला. मी पुडक्याकडे पाहत राहिलो. त्याने मला आधार दिला नाही.

“तराजू लाइए,” आई म्हणाली. “जो बचा है, तौलिए।”

साहेबांनी तराजू मागवला. उरलेला रवा साठ ग्राम. साखर तीस. तूप अठरा. तोवर आई दूध घालून झाकण ठेवून मोकळी झाली होती. साहेबांचं पेन माझ्या आईच्या नावावर टेकलेलं. सुलूकाकूही उपमा सोडून तराजूकडे वाकल्या.

“मतलब,” साहेब हळूच म्हणाले, “कटोरी वही, और वजन सबका अलग?”

“इतना तो चौथी की लड़की को मालूम है।”

त्यांनी शिरा चाखला. पुन्हा चाखला. मग खिशातून कंपनीचं पाककृतींचं छापील पुस्तक काढलं. सगळं ग्राममध्ये.

“माताजी, ग्राहक हमसे यही पूछते हैं कि ग्राम माने कितनी कटोरी। हमें खुद नहीं पता।” त्यांनी टोपण लावलं. “सोमवार से आ सकेंगी?”

रविवारी आईने मला घरातली प्रत्येक वस्तू वाटीने भरून तोलायला लावली. ती यादी अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे: रवा ११२, साखर १३६, तूप १४६. सगळ्यात खाली तिच्या अक्षरात: पाणी १६०, फक्त अनयसाठी.