पाळकांच्या घराची दुसरी किल्ली

तुमच्या घराची दुसरी किल्ली या क्षणी कुणाकडे आहे, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? सावकाश आठवा, घाई नाही.

मी तशीच एक दुसरी किल्ली बोलतेय. चर्चच्या आवारात पाळकांचं घर आहे, त्या घराची. पाळक म्हणजे रविवारी उपदेश करणारे, लग्नं लावणारे, आजाऱ्यांच्या उशाशी बसणारे. घर मात्र त्यांचं नव्हे, चर्चचं. काम आहे तोवर राहायचं. म्हणून पहिली किल्ली पाळकांच्या खिशात, आणि मी चर्चच्या ऑफिसात, खिळ्याला.

पहिलीवरून बेतून मला कानशीने घासून काढलं. "अडीअडचणीला असू द्या," कुलूपवाला म्हणाला. घासणं जरा घाईचं झालं, त्यामुळे कुलपात शिरताना मी अजून कुरकुरते. तेवढीच काय ती माझी तक्रार ऐकू जाते.

अडीअडचण म्हणजे काय, ते मला आधीच्या पाळकांच्या वेळी कळलं. त्यांचा मुलगा वाईट संगतीला लागला होता. घरचे सगळे बाहेरगावी असताना चर्चच्या कमिटीतले दोघं मला घेऊन गेले. "नळ गळतोय का बघून येऊ," म्हणाले. नळाकडे कुणी फिरकलं नाही. मुलाचं कपाट तेवढं उघडून पाहिलं, गादी उचलून पाहिली. थोड्याच दिवसांत त्या कुटुंबाचं सामान टेम्पोत चढलं. निरोपाच्या सभेत त्याच दोघांचे डोळे भरून आले होते.

तेव्हापासून खिळ्याकडे कुणाचाही हात आला की मला तो टेम्पोच आठवतो.

मग हे पाळक आले. बरोबर त्यांच्या पत्नी, म्हणजे पाळकबाई, आणि शाळेत जाणारी मुलगी. बाई हसतमुख होत्या. पण त्यांची आई वारली, आणि हळूहळू त्या दिसेनाशा झाल्या. आधी गाण्याच्या सरावाला येईनात, मग रविवारीही येईनात. "पाठ धरलीय तिची," पाळक सगळ्यांना सांगत. मंडळी बिचारी प्रेमळ. कुणी तेल दिलं, कुणी मलम, कुणी शेकायची पिशवी. घरात पाठीच्या औषधांचं दुकानच लागलं असेल. मुलगी तर इतकी तयार झाली होती, की तिला "बाबा आहेत का गं?" विचारलं तरी ती म्हणे, "आईची पाठ दुखतेय."

एका दुपारी ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी ऑफिसात आल्या आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. हातात डबा होता. "घरात कुणी दिसत नाही. सूप आत ठेवून येते," त्या शिपाईकाकांना म्हणाल्या.

मागे नळ होता, आता सूप. मी मनात म्हटलं, चला.

आत मोरीत भांड्यांचा ढीग होता. भिजवलेल्या कपड्यांच्या मोठ्या बादलीला वास येत होता. अंथरूण तसंच पडलेलं. खिडकीत तेलांच्या बाटल्या ओळीने उभ्या. मावशींनी एक उचलली, झाकण पाहिलं. दुसरी उचलली. सगळ्यांची सीलं जशीच्या तशी.

"अस्सं," त्या म्हणाल्या.

हे 'अस्सं' मला ठाऊक होतं. गादी उचलून पाहतानाही एक जण असंच म्हणाला होता. आता हे कमिटीच्या सेक्रेटरींच्या कानावर जाणार आणि पुन्हा टेम्पो येणार, असं मी धरूनच चालले.

मावशींनी बाह्या वर केल्या आणि भांडी घासायला घेतली. अंथरूण आवरलं. बादलीकडे वळल्या, पण घड्याळ पाहून निघाल्या. तरी माझा विश्वास बसला नाही. भांडी काय, नजर फिरवता फिरवताही घासता येतात.

संध्याकाळी ऑफिसात कमिटी बसली. पाळक अजून यायचे होते. सेक्रेटरींनी खिळ्याकडे बोट केलं. नळ बघायला गेलेल्या दोघांतले हे एक.

"मावशी, आज किल्ली तुम्ही नेली होतीत म्हणे. काय पाहिलंत आत?"

"भांडी पाहिली. घासली."

"आणि?"

"आणि आले."

"तसं नव्हे, पण सगळं ठीक आहे ना? ज्याचं घर विस्कटलंय त्याने चर्चची मंडळी कशी सांभाळ..."

तेवढ्यात दार उघडलं. पाळकबाई आत आल्या. केस कसेबसे बांधलेले, एका पायात पाळकांची चप्पल. मागोमाग पाळक आणि मुलगी.

"आम्ही दवाखान्यात गेलो असताना माझ्या घरात कोण येऊन गेलं?"

"मी," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, जरा मदत..."

"मला विचारलंत? त्या भांड्यांची मला लाज वाटत होती. पण ती माझी लाज होती. तुम्ही तीही घासून पालथी घातलीत."

मावशी उठून बाईंसमोर आल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. बेल वाजवून परत जायला हवं होतं."

बाईंना हे उत्तर अपेक्षित नसावं. त्या खुर्चीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या.

"माझी पाठ दुखत नाही," त्या म्हणाल्या. "मला सकाळी उठवतच नाही. डॉक्टर म्हणतात, मनाचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत, वेळ लागेल. यांनी पाठ सांगितली, कारण घर तुमचं आहे."

पाळकांनी मान खाली घातली. मुलीने हळूच विचारलं, "म्हणजे आता पाठ सांगायचं नाही?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला. "पाळकांना काही आठवडे रजा देऊ," ते म्हणाले. "तोवर उपदेश मी वाचून दाखवीन."

"चालेल," मावशी म्हणाल्या. "मंडळीलाही विश्रांती हवीच आहे. सगळी झोपतील."

पाळकबाईंना हसू आलं नाही. "आणि रजा संपली की?"

सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले. "मागच्या वेळी..." म्हणाले आणि थांबले. मग चष्मा पुन्हा लावला. "घर तुमच्याकडेच राहील. आत्ताच ठरवू, सगळ्यांसमोर."

हात वर झाले. काही लगेच, एकदोन अंमळ रेंगाळून. रेंगाळलेले हात कुणाचे होते, ते माझ्या लक्षात आहे.

मावशींनी मला खिळ्यावरून काढून बाईंच्या हातात ठेवलं. "ही आता तुमच्याकडे. उद्या सकाळी येते, बेल वाजवीन. उघडलंत तर उघडलंत. नाहीतर डबा पायरीवर ठेवून जाईन."

"येऊ नका," बाई म्हणाल्या. दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "बघू."

सध्या माझा मुक्काम त्यांच्या बटणांच्या डब्यात आहे. खिळ्याची सवय होती, इथे जरा दाटी होते. ऑफिसातली माणसं बदलली का, हे मला विचाराल तर मी इतक्यात हो म्हणणार नाही. एक मागणं मात्र आहे. कुणाच्या घराची किल्ली तुमच्या हाती असेल आणि मन कितीही चांगलं असेल, तरी आधी बेल वाजवा. दार उघडायचं की नाही, हे आतल्या माणसाला ठरवू द्या.

आणि हो, कमिटी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. पाळकबाईंनी साखळी न काढता दार उघडलं. मावशींनी धुवायला कपडे मागितले, पण कपड्यांची बादली त्या फटीतून जाईना, म्हणून बाईंनी साखळी काढली.