जोत्यावरची दोन स्वयंपाकघरं

हिंजवडीतल्या मुलींच्या हॉस्टेलवर द्वारका सहा वर्षं वॉर्डन होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती उदगीरहून इकडे आली, ती कायमचीच. राहायला हॉस्टेलचीच एक खोली होती. स्वतःच्या नावाचं दार असावं असं तिला फार वाटायचं, पण पगारात ते बसणारं नव्हतं. म्हणून चाळिशीत तिने जागांच्या सौद्यांचं काम शिकायला घेतलं.

शिकवणाऱ्या होत्या कोथरूडच्या श्यामलाबाई. दस्त लिहिणाऱ्या वकिलाकडे तीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढलेली बाई. निवृत्तीनंतर त्या स्वतःच सौदे करत. मालकाला थोडा विसार देऊन ठरावीक मुदतीसाठी जागा बांधून घ्यायची, त्या मुदतीत खरा घेणारा शोधायचा, सौदा त्याच्या नावे करून द्यायचा आणि मधला फरक आपला.

"मालकाला हे पहिल्याच दिवशी सांगायचं," श्यामलाबाई म्हणाल्या. "लपवलंस तर तो धंदा नाही, चोरी. पावतीत लिही, 'किंवा त्या सांगतील त्या व्यक्तीच्या नावे'. आणि घेणारा डोळ्यासमोर असल्याशिवाय विसार द्यायचा नाही. आपण दानशूर नाही."

"आणि कागद?"

"कागद वकील बघेल. तू माणसं मोज. उताऱ्यावर नसलेली आधी."

पहिली जागा मिळाली लोणी काळभोरला, अडीच गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट. जवळच कॉलेज होतं आणि केयूर नावाच्या एका ओळखीच्या माणसाला तिथे विद्यार्थ्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. म्हणजे घेणारा होता. मालक विश्वजीत, पन्नाशीचा, कमी बोलणारा. आई आधीच गेलेली, वडील वारूनही नऊ वर्षं झाली, तरी उताऱ्यावर त्यांचंच नाव.

प्लॉटवर घराचं नुसतं जोतं होतं. द्वारका त्यावर चढली. विटांच्या एका थरात खोल्यांची आखणी दिसत होती. मोरी, ओट्याची जागा. भिंतीच्या पलीकडे पुन्हा तीच मोरी, तीच ओट्याची जागा.

"स्वयंपाकघरं दोन कशी?" तिने विचारलं.

विश्वजीत चपलेने गवत दाबत राहिला. मग म्हणाला, "बहीण हाय मला. पूर्णिमा. वडिलांना दोघांची घरं शेजारी हवी होती. तिनं परस्पर लग्न केलं अन् बांधकाम तिथंच थांबलं. अकरा वर्सं झाली. तिचा काय संबंध न्हाई आता."

द्वारकाने श्यामलाबाईंना फोन केला. "विसार परत पर्समध्ये ठेव," त्या म्हणाल्या. "आधी बहीण."

विश्वजीतने नंबर दिला, पण स्वतः फोन करायला तयार झाला नाही. "हक्कसोड करून आणा तिच्याकडनं," एवढंच बोलला.

हक्कसोड. तो शब्द घेऊन द्वारका भोसरीच्या बसमध्ये बसली. उदगीरला तिनेही भावासाठी तशीच सही केली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. भाऊ खूश होईल, माहेर तेवढं जवळ राहील, असं वाटलं होतं. आता फक्त दिवाळीला फोन येतो. आई गेल्यापासून 'कधी येतेस' असं कुणी विचारलं नव्हतं.

पूर्णिमाने दार उघडलं. ती शिवणकाम करायची, गळ्यात मेजरटेप तसाच होता. सगळं ऐकून घेतल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "त्याने स्वतः पाठवलं का तुम्हाला?"

"नंबर त्यांनीच दिला."

"त्याच्याकडे होता नंबर?" ती खाली बसली. "इतकी वर्षं होता?"

सही घेऊन निघणं सोपं होतं. पण द्वारका म्हणाली, "ताई, हक्कसोड करू नका. अर्धा वाटा तुमचा आहे. मी केली होती तशी सही. फार काही जवळ राहिलं नाही त्याने."

पूर्णिमाने वकिलाला विचारायला चार दिवस घेतले. मग कळवलं, "विकायला माझी हरकत नाही. पण बरोबरीने विकीन. आणि विसार पावतीवर सही जोत्यावरच करणार. तो समोर हवा."

विश्वजीत दोन दिवस अडून बसला. तिसऱ्या दिवशी द्वारकालाच फोन केला, "या म्हणावं."

तो आधीच येऊन थांबला होता. बहिणीला बसायला जोत्यावर धुतलेली चादर अंथरली होती. दोघं एकमेकांच्या पांढऱ्या केसांकडे बघत होती.

"तुझ्या बाजूची खिडकी कुठं धरली होती गं बाबांनी?" शेवटी त्याने विचारलं.

"इकडे. रस्त्याकडे." तिने हात करून दाखवलं आणि तो हात तसाच हवेत राहिला. "म्हणाले होते, भाऊ आलेला लांबूनच दिसेल तुला."

विश्वजीतने मान फिरवली. मग दोघांनी सह्या केल्या.

उताऱ्यावर दोघांची नावं लागली. दोन महिन्यांनी केयूरच्या नावे खरेदीखत झालं आणि द्वारकाला तिचा ठरलेला फरक मिळाला. नोंदणी कार्यालयाबाहेर बहीण-भाऊ बराच वेळ उभी होती. घरी चल, असं कुणीतरी म्हणेल म्हणून दोघंही थांबलेली, हे द्वारकाला दिसत होतं. पण ते तिने म्हणण्यासारखं नव्हतं. भोसरीची बस आली.

"उशीर होईल तुला," विश्वजीत म्हणाला.

"हो," म्हणून पूर्णिमा चढली. बस वळेपर्यंत तो रस्त्यातून हलला नाही.

त्या रविवारी द्वारकाने उदगीरला फोन लावला. दिवाळी लांब होती. भाऊ दचकलाच. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. शनिवारी आले तर चालेल का रे? एक दिवस."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. भावाने वहिनीला काहीतरी विचारलं, ते नीट ऐकू आलं नाही.

"बघ, तुला जमेल तसं," तो म्हणाला.

यात ये होतं की नको, हे तिला कळलं नाही. फोन ठेवून तिने शुक्रवार रात्रीच्या उदगीर गाडीचं तिकीट काढलं, खिडकीजवळचं.