पडद्याच्या डाव्या बाजूचा माणूस

मी विचारतो, फकिरा सांगतो आणि लोक हसतात. या तिन्हींत अवघड काम माझं. हे मी तेव्हाही छातीठोकपणे सांगत होतो, आजही सांगतो.

आम्ही दोघं बिडकीनचे. तमाशाच्या फडात आमची बतावणी असायची. फकिरा सोंगाड्या, मी सरदार. सरदारानं कपाळाला आठ्या घालून विचारायचं, सोंगाड्यानं भलतंच उत्तर द्यायचं. रझाकारांच्या धामधुमीत फड मोडला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, लोक हसायला मोकळे झाले; पण तोवर तंबूतला सिनेमा गावोगाव पोचला होता आणि बतावणीला कुत्रं विचारीना.

अशात औरंगाबादचे तात्यासाहेब भेटले. त्यांचा फिरता तंबू होता. मुंबईहून त्यांनी एक जुना विलायती बोलपट स्वस्तात उचलला होता, पडद्याला नुकती वाचा फुटली तेव्हाचा. त्यात दोन नटांची जोडी. एक उंच, मिशाळ, चिडका. दुसरा बुटका, फाटक्या टोपीचा. दोघं थापा मारून एका बंगल्यात खानसामे म्हणून लागतात आणि बंगल्याचं वाटोळं करतात, एवढीच गोष्ट. पण सगळं बोलणं इंग्रजीत, तेही लाह्या फुटाव्यात तसं. आमच्या मुलखात शाळा शिकलेला माणूसही उर्दू शिकलेला, इंग्रजी कुणाला कळणार? म्हणून तात्यासाहेबांनी आम्हाला पडद्याच्या दोन बाजूंना उभं केलं. बोलणं आलं की मशीनवाला आवाज बारीक करायचा आणि आम्ही बोलायचं. भांडी पडली, कुणी आपटलं, की आवाज पुन्हा मोठा. डावीकडं मी उंचाचा, उजवीकडं फकिरा बुटक्याचा.

पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मी फकिराला म्हणालो, "ही मानसं आपल्यातलीच हायेत गड्या. आधी फळीवर, लोकांम्होरं खेळलेली." कारण बुटका बोलला की दोघं एकमेकांकडं बघत नुसतेच उभे राहत. तात्यासाहेबांना वाटे, फिल्म अडकली. फिल्म कसली अडकते! तिकडचे लोक हसतील म्हणून त्या दोघांनी तेवढी जागा सोडलेली होती. आम्ही वेगळं काय करायचो? हशा पिकला की थांबायचं, आणि तो ओसरायला लागला, पण पुरता ओसरला नाही, तेव्हा पुढचा सवाल टाकायचा. आधी टाकला तर हशात बुडतो, उशिरा टाकला तर लोक जांभया देतात. ती जागा मला बरोबर कळते, आणि पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला कळत असेल तर त्यानं समोर यावं.

नवरात्रात हर्सूलच्या देवीच्या जत्रेत तंबू लागला. रोज दिवेलागणीला तोच खेळ. शहरातून टांगे भरभरून लोक येत. कित्येक तर रोज येत. खेळ सुटला की फकिराला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी असायचं. मला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. सरदाराचं नशीबच तसं, म्हणून मी सोडून द्यायचो.

सातव्या माळेला तात्यासाहेबांनी दोघांना बोलावलं. "रामकिसन, उद्यापासून तू नको. लोक हसतात ते फकिराला. नुसतं विचारायचं काय, गाढवसुद्धा विचारील. दोन्ही आवाज फकिरा काढील."

मी फकिराकडं बघितलं. तो खाली मान घालून म्हणाला, "बरं मालक."

तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या लग्नात मी नाचलो, याच्या बापाला मी खांदा दिला, आणि हा म्हणतो, बरं मालक! पोटाची मला चिंता नव्हती. हात धड आहेत, बिडकीनला कुणाच्याही रानात काम मिळालं असतं. पण सोंगाड्या एकटा नकला करून जगतो. सरदाराला समोर कुणीतरी लागतं. एकटा सरदार म्हणजे वाटेवर उभं राहून बडबडणारा येडा. मला तसं व्हायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून तंबूत बसलो. फकिरा तोंडावर पडलेला मला डोळ्यांनी बघायचा होता. तंबूच्या दारात फुटाणे विकणारी दगडाबाई, पाटी रिकामी झाली की रोज आत येऊन बसायची. मला बघून म्हणाली, "तू हिकडं कसा रं?"

"गाढवाबिगर खेळ कसा चालतो ते बघायला आलोय," मी म्हणालो.

खेळ सुरू झाला. उंचानं तोंड उघडलं, मशीनवाल्यानं आवाज बारीक केला, आणि तंबूत शांतता. फकिरा उजवीकडं हाताची घडी घालून उभा.

"अरे बोल की!" तात्यासाहेब दारातून ओरडले.

"माझं आलं की बोलतो, मालक," फकिरा म्हणाला. "हे माझं नाय."

लोकांत कुजबुज सुरू झाली. तोवर कोंबडीचा प्रसंग आला. उंच हातात सुरी घेऊन बुटक्याला दरडावतोय, आणि आवाज काही नाही. तेवढ्यात माझ्या शेजारून दगडाबाईनं खणखणीत विचारलं, "काय रं, कोंबडी कापली का?"

"नाय," फकिरा ताबडतोब म्हणाला.

"का?" आता अर्धा तंबू.

"ती माझ्याकडं बघत व्हती."

"मग डोळे झाकायचे!" सगळा तंबू एका सुरात, बायकांची बाजूसुद्धा. "झाकायचे" मी जसं लांबवतो तसंच लांबवून.

"झाकले व्हते. उघडले तर कोंबडी कुठंय?"

तंबू हसून हसून लोळला आणि मी अंधारात ढसाढसा रडलो. मला वाटायचं, माझं कुणी ऐकतच नाही. या लोकांनी तर माझा शब्द न् शब्द उचलला होता.

पण खेळ पुढं पळत होता. हसणाऱ्यांना विचारायचं भान राहिलं नाही, आणि तात्यासाहेबांना धीर धरवेना. ऐन हशात ते ओरडले, "मग आता मालकिणीला वाढायचं काय?" यावर फकिराचं उत्तर म्हणजे अख्ख्या बोलपटाचा कळस, पण कुणाला ना सवाल ऐकू आला, ना जवाब. हशा विरला तेव्हा पडद्यावर ते दोघं एकमेकांकडं बघत उभे, आणि तंबू चिडीचूप.

"मालक, तुम चुप बैठो ना!" शहागंजचा एक टांगेवाला खेकसला. "हमको हसने तो दो!"

"रामकिसनला बोलवा!" मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले.

तात्यासाहेब वाकत वाकत माझ्यापर्यंत आले. "जा रे बाबा. उभा राहा तिकडं."

"मी? मी तिकीट काढून बसलोय मालक."

"पाया पडतो तुझ्या."

मी सावकाश उठलो, धोतर झटकलं आणि पडद्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. फकिरानं माझ्याकडं बघितलंही नाही. पडद्यावर उंचानं बुटक्याचा कान धरला होता. तिथला नेहमीचा सवाल मी गिळला आणि मनातला विचारला.

"काल मालकाला बरं का म्हनलास रं?"

बुटक्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. त्याचं होईपर्यंत फकिरा थांबला.

"नाय म्हनलं असतं तर दोघंबी भाईर. एक आत नको का, दुसऱ्याला वढून घ्यायला?"

लोकांना वाटलं, आम्ही आज नवीन काहीतरी टाकलं. केवढ्यांदा हसले! हशा ओसरायला लागला, पुढचं बोलणं माझं होतं, पण मी पडदा सोडून फकिराकडंच बघत उभा राहिलो. शेवटी पलीकडून फकिराच म्हणाला, "विचार की गड्या. मी हाय हितं."